दोघं आत, एक बाहेर

ज्यांच्या बाबतीत हे घडलं ते आबासाहेब आजही सोलापुरात राहतात. त्यांनी सांगितलं तेवढंच इथं आहे. एक शब्द वाढवलेला नाही. उलट दोन गोष्टी त्यांनी सांगू नका म्हटलं, त्या गाळल्या आहेत.

खोटं वाटलं तर वाटू द्या. त्यांनाही आधी खोटंच वाटलं होतं.

ही अंधारातली गोष्ट नाही. २०२४ सालचा मार्च महिना, दुसरा रविवार, सकाळचे साडेआठ. ऊन चटकायला लागलेलं. वैरागच्या रस्त्याला, सोलापूरपासून पाऊण तासावर, वनखात्याचं गवताचं कुरण आहे. नाव मुद्दाम देत नाही. लोक रात्रीचे टॉर्च घेऊन जातील आणि तिथल्या जनावरांना त्रास होईल.

मैलभर वाळलेलं गवत. काळवीट, खोकड, नशीब असेल तर लांडगा. मध्ये सिमेंटचा उथळ पाणवठा, टँकरनं भरलेला. पाणवठ्यापासून चाळीस फुटांवर एक लपण. लपण म्हणजे तरटानं झाकलेली खोपटी. बघण्यापुरत्या फटी, मागं तरटाचाच पडदा, आत बसायला रंगाचे दोन रिकामे प्लॅस्टिकचे डबे पालथे घातलेले.

आणि पार लांब, एकच लिंबाचं झाड.

आबासाहेब चिंचोळी एमआयडीसीत फिटर होते. तीस वर्षं यंत्रं दुरुस्त केली. नोकरीत असतानाच कुणाच्या तरी नादानं या माळावर आले आणि पाखरांचं वेड लागलं ते लागलंच.

त्यातही पखुर्ड्यांचं. पखुर्डी म्हणजे कबुतराएवढं, मातीच्या रंगाचं पाखरू. बरोबर साडेआठला थवे पाण्यावर येतात. दोन मिनिटं पितात, जातात. पुन्हा दुसऱ्या दिवशी.

ही पाखरं भारी सावध. माणूस लपणात शिरलेला त्यांना लांबून दिसतो. तो बाहेर आला नाही तर ती उतरतच नाहीत. वर घिरट्या घालून तहानलेली निघून जातात.

पण पाखरांना मोजता येत नाही.

म्हणून दोघांनी आत जायचं. मग एकानं बाहेर पडायचं आणि सगळ्या माळाला दिसेल असं लांब चालत जायचं. पाखरांना वाटतं, गेलं माणूस. ती उतरतात. ही युक्ती आबासाहेबांना एका म्हाताऱ्या वनमजुरानं शिकवली होती.

आबासाहेबांच्या घरात बाहेर पडणारं माणूस ठरलेलं होतं. त्यांची बायको, वच्छलाबाई.

"बसा तुमी. मी चालले माझ्या लिंबाला," असं म्हणून त्या निघायच्या. साडीला कुसळं लागू नयेत म्हणून डाव्या हातानं ती जरा वर धरून चालायच्या. लिंबाखाली तासभर बसायच्या. तिथून पाणवठा दिसत नाही. मध्ये उंचवटा येतो.

"किती आल्या?" परत आल्यावर त्या विचारायच्या.

"अडीचशे तरी असतील."

"मी मुंग्या मोजल्या. त्या जास्त हुत्या."

एकदा आबासाहेबांनी त्यांना सांगितलं, की पखुर्डीचा नर पाण्यात पोट टेकून बसतो, पोटाची पिसं भिजवून घेतो आणि ते पाणी लांबवर पिलांना नेऊन पाजतो.

वच्छलाबाई थांबल्याच. "गडीमाणूस पाणी भरतो व्हय? मग ते बघायलाच पायजे की! मला एकदा दावा."

"पुढच्या रविवारी तू बस. मी जातो लिंबाला."

पुढच्या रविवारी नवा कॅमेरा होता. त्याच्या पुढच्या रविवारी ढग होते. मग कुणी पाहुणे. मग काय, काय.

अशी अकरा वर्षं गेली.

आदल्या नोव्हेंबरात वच्छलाबाई स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडल्या. तिसऱ्या दिवशी गेल्या. कुकर लावलेला तसाच राहिला होता.

तीन महिने आबासाहेब घराबाहेर पडले नाहीत. मुलगी आरोही पुण्याहून रोज फोन करायची. शेवटी ती चिडली. "बाबा, भिंतीकडं बघत बसलाय नुसतं. माळावर तरी जा की!"

मार्चच्या पहिल्या रविवारी ते गेले. एकटेच लपणात बसले. पखुर्ड्या आल्या. 'कुट-रो, कुट-रो' करत वरून फिरल्या आणि गेल्या. एकही उतरली नाही.

आबासाहेबांना आश्चर्य वाटलं नाही. एक आत गेला होता. बाहेर कुणी आलं नव्हतं.

तिथं ज्ञानू नावाचा नवा वनमजूर होता. जानेवारीत मंगळवेढ्याकडून आलेला. त्याला चालायला सांगता आलं असतं. पण ते चालणं वच्छलाबाईंचं होतं. सांगावंसं वाटलं नाही.

मग आला दुसरा रविवार.

आबासाहेब लपणात शिरले. उजवीकडच्या डब्यावर बसले. त्यांची जागा तीच. डावीकडचा डबा रिकामा.

पाच मिनिटं गेली असतील...

मागचा पडदा हलला.

वारा असेल. पण फटीतून दिसणारं गवत अगदी स्थिर होतं. काडी हलत नव्हती.

मग पावलं. वाळलेल्या गवतावर पडतात तशी. चर्र... चर्र... चर्र...

लांब जाणारी.

आबासाहेबांनी मागं वळून पडदा सारला. बाहेर कुणी नव्हतं. नुसता माळ.

ते पुन्हा पुढं वळले आणि बघतात तो पाणवठ्यावर पखुर्ड्या! दहा, पन्नास, दोनशे. थव्यावर थवे उतरत होते. त्यांनी घाईघाईनं कॅमेरा लावला. पटापट फोटो काढले. किती महिन्यांनी काहीतरी मनासारखं झालं होतं.

फोटो काढता काढता त्यांचं बोट थांबलं.

या उतरल्या कशा?

बाहेर कोण गेलं?

पाखरं उडून गेल्यावर ते वनखात्याच्या टेहळणी मनोऱ्याकडं आले. ज्ञानूनं चहा ठेवला होता. तीन कप.

"ताईंना हाक मारा की सायेब. उनात बसल्यात बिचाऱ्या."

"कोण ताई?"

"तुमच्यासंगं आल्यात त्या. लिंबाखाली बसल्यात न्हवं."

"ज्ञानू, मी एकटा आलोय."

ज्ञानू हसला. "मी काय आंधळा हाय व्हय? मनोऱ्यावरनं बघितलं की. दोगं आत गेला. मग ताई बाहेर आल्या. कुसळं लागू नयेत म्हणून साडी अशी वर धरली हुती."

आणि त्यानं डावा हात कमरेजवळ धरून दाखवला.

ज्ञानूनं वच्छलाबाईंना कधी पाहिलं नव्हतं. फोटोही नाही.

आबासाहेब लिंबापर्यंत चालत गेले. झाडाखाली कुणी नव्हतं. बुंध्यापासून मुंग्यांची एक रांग निघाली होती. सरळ येत होती आणि मध्येच एका जागेला मोठा वळसा घालून पुढं जात होती.

वळशाच्या मध्ये... काहीच नव्हतं. सपाट माती.

त्यांनी ज्ञानूला खरं सांगितलं नाही. "माझी मंडळी हाय ती. लोकांत यायला लाजते," एवढंच म्हणाले. का म्हणाले ते त्यांनाही कळलं नाही.

परतताना मोटारसायकल चढावर जड चालली. मागं कुणी बसलं की चालते तशी. घरी येऊन त्यांनी प्लग काढून पाहिला.

प्लग चांगला होता.

तिसऱ्या रविवारी त्यांनी कॅमेरा नेलाच नाही. लपणात शिरून पाणवठ्याकडं पाठ केली आणि पडद्याच्या भोकातून लिंबाकडच्या वाटेवर नजर धरून बसले. फिटर माणूस. बिघाड कुठं आहे ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

त्या वाटेवर, खडकाळ जागेत टिटवीनं अंडी घातली होती. अंड्यांजवळून माणूस गेलं की टिटवी डोक्यावर येऊन ओरडते, माणूस लांब जाईपर्यंत पाठ सोडत नाही. सकाळी तिनं आबासाहेबांनाही सोडलं नव्हतं.

पडदा हलला.

त्यांच्या नाकापासून वीतभर अंतरावर तरट आत आलं... आणि बाहेर गेलं.

मग चर्र... चर्र... चर्र...

वाट मोकळी होती. स्वच्छ ऊन. सावली नाही, धूळ नाही, काही नाही.

आणि टिटवी उठली.

ती मोकळ्या वाटेवर झेपावत होती. किंचाळत होती. माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर फिरत होती. हळूहळू पुढं सरकत होती. माणूस चालतं त्याच वेगानं. लिंबाजवळ गेल्यावर ती गप्प झाली आणि परत अंड्यांवर येऊन बसली.

मागं पाणवठ्यावर पंखांचा फडफडाट झाला. पखुर्ड्या उतरल्या होत्या.

आबासाहेबांनी वळून पाहिलं नाही. ते तिथंच खाली बसले आणि रडले. भीती होतीच. पण भीतीपेक्षा लाज जास्त होती. अकरा वर्षं बाई उन्हात चालत गेली. त्यांना पाखरं दिसावीत म्हणून. आणि आता मेल्यावरही तेच करत होती.

तिची पाळी राहिली होती. ती द्यायला हवी होती.

चौथ्या रविवारी ते लपणात गेले. डावीकडच्या डब्याकडं बघून, मोठ्यानं बोलले, "आज तू बस. मी जातो."

आणि उठून चालायला लागले. टिटवी त्यांच्या डोक्यावर ओरडत आली. लिंबाखाली पोचल्यावर ते खाली बसले. लपणाच्या दिशेला तोंड करून.

पाणवठा खरंच दिसत नव्हता. ते या जागी कधी बसलेच नव्हते.

हायसं वाटत होतं. आता येतील, उतरतील, तिला दिसतील.

तेवढ्यात...

टिटवी पुन्हा उठली.

वाट रिकामी होती. टिटवी किंचाळत होती. सरकत सरकत लिंबाकडं येत होती. जवळ. अजून जवळ. पार झाडाच्या सावलीपर्यंत आली.

आणि गप्प झाली.

आबासाहेबांच्या पाठीमागं वाळका पाला दबल्याचा आवाज आला. कुणीतरी टेकून बसल्यासारखा.

त्यांनी मान वळवली नाही. पाठीला गार लागत होतं. मार्च महिन्यात, भर उन्हात. समोर उंचवट्यापलीकडं पखुर्ड्यांचे थवे खाली गेले, वर आले. कुणीही बघत नव्हतं. लपण रिकामं होतं.

तासाभरानं ते उठले तेव्हा ज्ञानू वाटेत भेटला. "आज दोगं बी लिंबाखाली? ते बी पाठीला पाठ लावून? भांडान झालं का काय सायेब?"



"माझ्या घरात बी असंच हाय," ज्ञानू म्हणाला. "एकटीला बसायला सांगितलं की ती बसत न्हाई. आपुन उठलो की मागनं येतीच."

तो आठवडा त्यांना झोप नव्हती. एकटी ती बसणार नाही, हे ज्ञानूच्या बोलण्यातून कळलं होतं. दोघांनी बसायला हवं. पण दोघं आत बसले तर बाहेर कोण जाणार? पाखरं उतरणार कशी?

गुरुवारी चहा पिताना उत्तर सापडलं, आणि चहा तसाच राहिला.

तिसरं माणूस.

तिघांनी आत जायचं आणि एकानं बाहेर पडायचं. पाखरांना मोजता येत नाही, त्यांना तीनही कळत नाहीत आणि दोनही नाहीत. माळावर कायम कुणीतरी वनमजूर असायचा. अकरा वर्षांत त्याला एकदा सांगायचं होतं, बाबा, जरा लिंबापर्यंत चालत जा. एवढंच.

त्यांना ते कधी सुचलं नव्हतं. कारण वच्छलाबाई होत्या.

पाचव्या रविवारी, एकतीस तारखेला, त्यांनी ज्ञानूला सांगितलं.

"त्यात काय सायेब! आधीच सांगायचं की. माझं कामच चालायचं हाय."

तिघं निघाले. म्हणजे आबासाहेबांना दोघंच दिसत होते. लपणाशी ज्ञानूनं पडदा वर धरला. आबासाहेब वाकून आत गेले. ज्ञानू लगेच आत आला नाही. पडदा धरून बाजूला सरकला.

"या ताई. डोकं जपा. बांबू लई खाली हाय."

थोडा वेळ पडदा तसाच वर राहिला.

मग ज्ञानू आत आला, क्षणभर वाकून उभा राहिला, आणि "बसा निवांत" म्हणून बाहेर पडला. खाकोटीला काठी, तोंडानं शीळ. टिटवी त्याच्या मागं ओरडत गेली. एकदाच. नंतर उठली नाही.

डावीकडचा डबा... कट् वाजला.

प्लॅस्टिकवर वजन पडलं की वाजतो तसा.

आबासाहेब समोर बघत राहिले. वळायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. त्या दिवशी त्यांनी आपली दुर्बीण आणली होती. पाणवठ्याच्या कडेवर नीट, स्वच्छ दिसेल अशी लावून ठेवली होती. ती त्यांनी न बघता डावीकडं जमिनीवर सरकवली. "घे," म्हणाले.

साडेआठला पखुर्ड्या आल्या. उतरल्या. पाण्याची कड दिसेनाशी झाली.

"त्या बघ," आबासाहेब कुजबुजले. "काळा पट्टा हाय तो नर. मादी ठिपक्यांची. अजून बघ... तो कडंचा. बसला बघ पाण्यात. पोट भिजवतोय. हलवतोय बघ अंग. पिलांना नेणार हाय आता. दिसला का?"



"वच्छला, दिसला का?"

डावीकडून काही आवाज नाही. श्वाससुद्धा नाही. फक्त डाव्या गालावर त्यांना काहीतरी जाणवत होतं. आपल्याकडं कुणी टक लावून बघत असलं की जाणवतं तसं.

एकाएकी सगळ्या पखुर्ड्या उडाल्या. एका झटक्यात. पाण्यावर नुसते तरंग उरले.

आबासाहेब वळले. डबा रिकामा होता. दुर्बीण आता डब्यावर होती. त्यांनी तर ती जमिनीवर ठेवली होती.

त्यांनी ती उचलून डोळ्यांना लावली. पाणवठा धूसर. लिंब धूसर. मनोरा धूसर. सकाळी नीट लावलेली होती. अंतराप्रमाणं चित्र स्वच्छ करायचं मधलं चाक कुणीतरी फिरवलं होतं.

फिटरचे हात. ते चाकाला हात न लावता दुर्बीण इकडं तिकडं फिरवत राहिले. काहीतरी तर स्वच्छ दिसायला हवं. बाहेर काहीच स्वच्छ दिसेना. मग ते डाव्या डब्यावर बसले आणि दुर्बीण लपणाच्या आत वळवली.

स्वच्छ दिसली ती उजवीकडच्या डब्यामागच्या तरटाची वीण. एकेक धागा.

खिशात टेप असतोच, जुनी सवय. त्यांनी दोन डब्यांतलं अंतर मोजलं. पावणेसहा फूट.

दुर्बीण पाणवठ्यावर लावलेली नव्हती. ते बसले होते त्या जागेवर लावलेली होती.

ज्ञानू परत आला तेव्हा ते टेप हातात घेऊन बसले होते.

"ताई कुटं हायत?"

"पुढं गेली."

ज्ञानू पडद्याकडं बघत राहिला. "पुढं कुटं? मी सारा येळ हिकडंच तोंड करून बसलोय सायेब. बाहेर तर कुणीच आलं न्हाई."

त्यानंतर आबासाहेब चारदा माळावर गेले. एकटे आत बसले. पडदा हलला नाही. पखुर्ड्या वरून फिरून तहानलेल्या जायच्या. मग तेच बिचारे उठून लिंबापर्यंत चालत जायचे, पाखरांना पाणी मिळावं म्हणून. आता जात नाहीत.

जिला अकरा वर्षं पाखरं बघायची होती तिनं पाळी आल्यावर ती बघितली नाहीत. त्यांनाच बघत बसली. मायेनं बघत होती की रागानं, हे दुर्बिणीवरून कळत नाही. आबासाहेबांनी ते चाक अजून फिरवलेलं नाही.

आणि ज्ञानू म्हणाला ते त्यांच्या डोक्यातून जात नाही. बाहेर कुणीच आलं नाही. मग त्या दिवशी लपणातून घरी काय आलं?

ते आता कुठंही बसले, जेवायला, टीव्हीसमोर, पलंगावर, की आधी डावीकडं बघतात. पावणेसहा फुटांवर काय आहे, ते.

परवा आरोही आली होती. जेवताना तिनं विचारलं, "बाबा, सारखं काय बघताय तिकडं?"

"काही न्हाई," ते म्हणाले, आणि मान खाली घालून जेवू लागले.

डावा गाल मात्र त्यांनी हातानं झाकून घेतला होता.